हवेवर उठणारी हडळ

सेलूत भुतांचा काही तुटवडा नव्हता. तरी आमच्या प्रिन्सिपल मॅडमना फोनवर पुण्याच्या कुठल्या तरी शाळेतलं हॅलोविन दिसलं आणि झालं, आपल्याकडंही भूतघर पाहिजे, तेही दिवाळीच्या सुट्ट्यांआधी. करणार कोण? विज्ञानाची टीचर, म्हणजे मी. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं! आणि मीही आपली 'करते की' म्हणून मोकळी झाले.

खरं सांगायचं तर मला मजा आली. आमच्या ह्यांचं स्टेशन रोडला टायरचं दुकान, त्यामुळं हवेचा कॉम्प्रेसर घरचाच. सायकलला हवा भरायचा जुना उभा पंप घेतला, त्याच्या बुडातला व्हॉल्व काढून टाकला आणि त्याच्याकडून उलटं काम करून घेतलं. कॉम्प्रेसरची हवा खालून आत सोडली की दांडा आपोआप वर. दांड्यावर बिजागरीची फळी, फळीला बांधलेला थर्माकोलचा सांगाडा. एक कॉक उघडला की फुस्स करून सांगाडा ताडकन उठून बसायचा, दुसरा उघडला की हवा निघून जाऊन पुन्हा आडवा. पहिल्या खेपेला हे नेमके चहाचा कप घेऊन आत आले. 'आरं तिच्या मायला!' म्हणून जो चहा उडवला, त्याचा डाग भिंतीवर अजून आहे. मी हसून हसून बेजार.

मॅडम बघायला आल्या. म्हणाल्या, "सांगाडा काय, कुठंही असतो. आपली हडळ करा ना. हिरवी साडी, मोकळे केस, कुशीत बाहुली. पालकांना बघताक्षणी कळेल."

मी म्हणलं, "मॅडम, हडळ सोडून काय वाट्टेल ते सांगा."

माझी धाकटी बहीण बाळंतपणात गेली. पालमजवळच्या एका गावात तिचं सासर. तिला जाळून परत येताना ते लोक वाटेनं राळे टाकत आले आणि आल्या आल्या उंबऱ्यात खिळे ठोकले. ओली बाळंतीण गेली की हडळ होते म्हणे, आणि राळ्याचा दाणा न् दाणा वेचल्याशिवाय तिला घराकडं येता येत नाही. कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात न्यायला त्या लोकांना गाडी सापडली नव्हती. खिळे मात्र लगेच सापडले. तेराव्याला जी ती येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायची, 'माय मरो पण मावशी जगो' म्हणायची. अगं बायांनो, पण माय का मरो? माझं डोकंच फिरायचं.

वाचली ती तिची पोरगी. ते घर आता सेलूतच राहायला आलंय, आणि पोरगी आमच्याच शाळेत दुसरीला आहे. बाप दिवसभर कामावर, घरात आजीचं राज्य. पोरीनं जेवताना जरा नखरा केला की आजी सुरू, "खाती का बोलवू तुझ्या मायला? हडळ होऊन बसलीय त्या बाभळीवर. येईल अन् घेऊन जाईल तुला." मी त्या बाईशी किती भांडले! पालथ्या घड्यावर पाणी. पोरगी संध्याकाळी दारात बसून बाभळीकडं टक लावून बघत राहते. हाक मारली तर दचकते. लेकराचं रक्त आटवलंय त्या म्हातारीनं. आणि त्याच लेकरापुढं मी माझ्या हातानं हडळ बसती करू? मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या "हो हो, समजलं" म्हणाल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी काळ्या पडद्यामागं कॉकपाशी जाऊन बसते तर फळीवर हिरवी साडी! मोकळे केस, कपाळभर कुंकू, कुशीत बाहुली. मॅडमनी सकाळीच बाकीच्या टीचर लोकांकडून सजवून घेतली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी साडीच्या पिना उपटायला लागले, तशा मॅडम दारातून म्हणाल्या, "अहो, लेकरांचा खेळ आहे, एवढं काय मनाला लावून घेता?" आणि पहिली रांग आत सोडलीसुद्धा. रांग नेमकी दुसरीची.

मी कॉकला हात लावला नाही. हडळ तशीच पडून राहिली. पोरं जराशी थांबली, 'ही तर मेलेलीच हाय' म्हणून खिदळली आणि पुढं पळाली. आमची मात्र मागं राहिली. पडद्याच्या फटीतून तिनं मला बघितलं.

"मावशी, ही हडळ हाय ना?"

"न्हाई गं राणी. नुसता थर्माकोल हाय. खाली सायकलचा पंप हाय बघ. भिऊ नको."

"तिला उठव की."

"नको. चल, बाहेर जाऊ."

"एकदाच. उठव ना गं."

तिचा आवाज कापत नव्हता. मला वाटलं, पंप बघू दे, हवा बघू दे, म्हणजे तरी मनातलं भ्या जाईल एकदाचं. मी कॉक उघडला. फुस्स झालं आणि ती उठून बसली.

पोरगी मागं सरली नाही. पुढं गेली, पिना निघून लोंबणारा पदर हातात धरला आणि हळूच तिला म्हणाली, "आजी म्हणती तू मला न्यायला येणार. कधी नेतीस? मी आता दुसरीत हाय. लांब चालता येतं मला."

ही भिईल म्हणून मी साऱ्या जगाशी भांडत होते. आणि हिला जायचं होतं.

बाहेरून मॅडम ओरडल्या, "पुढची रांग सोडू का?"

"नका सोडू!" मी किंचाळले. हवा काढायच्या कॉकवर माझा हात होता, तो काही केल्या फिरेना. पोरगी पदर धरून, तिच्या तोंडाकडं बघत, उत्तरासाठी थांबली होती.