चुकलेल्या गणिताची चांदणी

तिसरीच्या बाई तशा मवाळ. पण त्या वर्षी मुख्याध्यापकांनी वर्गावर्गात तक्ता लावला. बरोबर उत्तराला सोनेरी चांदणी, महिनाअखेरीला सगळ्यांत जास्त चांदण्यांना बक्षीस. पहिला आठवडा वर्ग अगदी शहाण्यासारखा वागला. बाईही खूश होत्या.

मग शेवटच्या बाकावरची मुलगी कोरी वही देऊ लागली.

"काहीच लिहिलं नाहीस?"

"चुकलं असतं," ती म्हणाली. "न लिहिलं तर विसरले म्हणता येतं."

त्या दिवशी बाईंनी तक्ता नीट पाहिला. अकरा ओळी रिकाम्या. चांदण्या त्याच पाच-सहा मुलांच्या, आणि ती मुलंही आता सोपी गणितं तेवढीच निवडत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम बदलला. चुकलेलं गणित जो पुन्हा सोडवून बघेल त्यालाही चांदणी. मुलीने गुणाकार तीनदा खोडला, चौथ्यांदाही चुकली. बाईंनी तिच्या ओळीत चांदणी चिकटवली. "हातचा बरोबर मिळवलास. सातच्या पाढ्यात तेवढी घसरलीस."

मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. "बाई, चुकीला बक्षीस? पालक काय म्हणतील?"

"बक्षीस चुकलेल्या गणिताला परत हात घालण्याला आहे, सर."

"तक्ता सगळीकडे एकसारखा हवा."

"मग माझ्या वर्गातला काढून न्या."

सरांनी खरंच शिपायाला पाठवलं. तक्ता गेला, चांदण्यांची डबीही गेली. बाई आता वठणीवर येतील असं त्यांना वाटलं.

बाई बाकाबाकापाशी उभ्या राहून सांगू लागल्या, काल काय जमत नव्हतं आणि आज काय जमलं. नुसतं 'छान' म्हणायचं नाही, हे त्यांनी स्वतःलाच बजावलं होतं. पंधरा दिवसांत घसा बसला.

घरी धाकटी बहीण वैतागली. "ताई, एका तक्त्यापायी साहेबांशी वाकडं घेतेस?"

"घेतलंय," ताई म्हणाली आणि गरम पाण्याच्या गुळण्या करायला गेली.

वर्षअखेरीच्या अहवालात 'सहकार्य नाही' असा शेरा आला. पुढच्या वर्षी त्यांना पहिलीचा वर्ग मिळाला, स्वच्छतागृहाला लागून असलेल्या खोलीत. त्यांनी खिडकी लावून घेतली आणि शिकवायला लागल्या.

एकदा शिक्षकांच्या खोलीत चौथीचे सर कुरकुरले, "तुमची ती मागच्या बाकावरची. स्वतःहून फळ्यावर येते, चुकते, आणि जागेवर जातच नाही. थांबा सर, होईल म्हणते. माझा तास संपतो."

"संपू द्या," बाई म्हणाल्या आणि खडू घेऊन वर्गावर गेल्या.