वर्ग नसलेले वझे सर

शाळेच्या सेक्रेटरीने वझे सरांना फसवलं. सेक्रेटरीचं नाव दिघे. मिल बंद पडली तेव्हा इंदूरमध्ये पुष्कळांनी पुष्कळांना फसवलं, त्याबद्दल दुसरे लिहितील. मी या एकाच फसवणुकीबद्दल लिहितो आहे, कारण मी तिथे बसलेलो होतो.

आमची मराठी शाळा मिलच्या भिंतीला लागून होती. वझे सर वर्गात आले की हजेरीच्या आधी इंदुरी थाटात विचारायचे, "बोला भिया, आज पाहुणा कोण?" पाहुणा म्हणजे त्या तारखेला जन्मलेला कोणी मोठा माणूस, नाहीतर त्या तारखेला घडलेली एखादी गोष्ट. दुसऱ्या वर्गांत तसबिरीला हार पडायचा, भाषण व्हायचं, सुट्टी. सर म्हणायचे, "हार घालून पाहुण्याला वाटेला लावायचं नाही. तो जे करायचा, ते आज आपण करायचं." टेलिफोन शोधणाऱ्याच्या वाढदिवशी आम्ही काड्यापेट्यांना मिलचं सूत बांधून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोललो. देशात पहिली रेल्वे धावली त्या तारखेला सरांनी आम्हांला स्नेहलतागंजच्या बाजूने रुळांपाशी चालत नेलं आणि मालगाडीचा वेग काढायला लावला. एका गणितज्ञाच्या जयंतीला आम्ही सावली मोजून मिलच्या चिमणीची उंची काढली.

आणि वर्गातल्या कोणाचा वाढदिवस असला, तर त्या दिवशी तोच मास्तर. त्याने आपल्या घरचं काम शिकवायचं. माझे वडील मिलमध्ये लूम चालवायचे. मी तुटलेला धागा जोडायची विणकराची गाठ शिकवली. सर पोरांबरोबर बाकावर बसले. त्यांची गाठ तीनदा सुटली.

"सर, तुमचं लक्षच नाही!" मी ओरडलो. माझं डोकं तेव्हाही असंच तापायचं.

सर म्हणाले, "खरं आहे भिया, नव्हतं लक्ष. परत दाखव ना यार."

माझे वडील दिवसभर काय करतात, हे त्याआधी मला कोणी विचारलं नव्हतं.

मिल बंद झाली, तशी शाळाही रिकामी व्हायला लागली. दिघ्यांनी राजेंद्र नगरात इंग्रजी शाळा काढायचं ठरवलं. तोपर्यंत मी जुन्या फर्निचरच्या धंद्यात पडलो होतो. बाकांचा सौदा करायला त्यांच्या ऑफिसात बसलो असताना त्यांनी सरांना बोलावलं. "सर, मराठी घरांमधून मुलं आणायचं काम तुमचं. तुमच्यावर लोकांचा भरवसा आहे. पाचवीचा वर्ग तुमचा. शब्द देतो."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सर, लिहून घ्या."

"शाळा आहे रे ती. सराफा बाजार आहे का लिहून घ्यायला?"

सर घरोघर फिरले. नोकरी गेलेल्या माणसांनी बायकोच्या बांगड्या मोडून पोरांचे प्रवेश घेतले, कारण वझे सर शिकवणार होते. शाळा सुरू झाली त्या दिवशी पाचवीवर दुसऱ्याच बाई उभ्या होत्या. दिघे सरांना म्हणाले, "तुमचं इंग्लिश जरा वीक पडतं, सर. तुम्ही ॲक्टिव्हिटी इन्चार्ज."

ती ॲक्टिव्हिटी एवढीच, की फाटकाजवळच्या फळ्यावर दिनविशेष लिहायचा. सर सुंदर अक्षरात लिहायचे आणि खाली एक प्रश्न टाकायचे, 'उत्तर मला येऊन सांगा.' मधल्या सुट्टीत फळ्याशेजारी उभे राहायचे. मुलं शेजारून धावत जायची.

"आलं कोणी?" जाता-येता फाटकाशी थांबून मी विचारायचो.

"आज नाही. उद्याचा पाहुणा जरा ओळखीचा आहे, उद्या येतील."

मिलचा भोंगा पहिल्यांदा वाजला ती तारीख आमच्या जुन्या शाळेत मिलचा वाढदिवस म्हणून पाळली जायची. सर आम्हांला मिलच्या गेटवर न्यायचे आणि आम्ही पाळीवरून सुटणाऱ्या कामगारांना प्रश्न विचारायचो. नव्या शाळेच्या फळ्यावर सरांनी त्या दिवशी लिहिलं, 'आज आपल्या मिलचा वाढदिवस.' दिघ्यांनी शिपायाला सांगून ते पुसायला लावलं. "पालक वाचतात, सर. बंद पडलेली मिल शाळेच्या दारावर कशाला?"

संध्याकाळी मी मिलवरून जात होतो. सर कुलूप लावलेल्या गेटसमोर उभे होते. त्यांनी मागे वळून, रांग सरळ आहे की नाही, ते पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग मी दिसलो, तसे ओशाळले. "सवय रे, भिया."

"चला, दिघ्याला आत्ता विचारतो," मी म्हणालो.

"नको. मुलांच्या देखत तमाशा नको."

"कुठली मुलं, सर?"

ते घराच्या वाटेला लागले. निवृत्त होईपर्यंत त्यांनी फळाच लिहिला.

सर गेले, तेव्हा राजेंद्र नगरच्या त्याच शाळेत शोकसभा झाली. दिघे म्हणाले, "सरांनी इथे पिढ्या घडवल्या." मी उभा राहिलो. "कुठल्या वर्गात घडवल्या, दिघेसाहेब?" शेजारच्याने माझा शर्ट ओढला. "प्रसंग तरी बघ, भिया." मला खाली बसवलं गेलं आणि दोन मिनिटं शांतता पाळली गेली.

दिघेसाहेब, तुम्ही आहात, मीही आहे. रस्त्यात भेटलात की हात जोडता. मला तो नमस्कार नको. ज्या घरांनी सरांचं तोंड बघून तुमच्या स्वाधीन पोरं केली, त्या घरांसमोर उभे राहा आणि सांगा: खोली होती, मुलं होती, मास्तर रोज सकाळी दारात हजर होते. मग त्यांना आत का घेतलं नाहीत?