फॉर्म माझा, यादी तिची

मुलुंडच्या आमच्या वाचनालयाने पुस्तकांची यादी संगणकावर चढवायचं ठरवलं, तेव्हा मी हौसेने फॉर्म तयार केला. एका वेळी एकच पुस्तक दिसायचं. लेखकाची चौकट रिकामी ठेवून पुढे जाता येत नसे. कार्यकारिणीने तो पाहिला आणि चहा मागवला.

मग बँकेतून निवृत्त झालेली, माझ्याच वयाची एक सभासद मदतीला आली. तिने फॉर्म बाजूला सारून थेट त्यामागचं टेबल उघडलं. आडव्या ओळी, उभे रकाने, अडवणारं कोणी नाही. "तुझ्या फॉर्मला फार प्रश्न पडतात रे," ती म्हणाली. माझी चार पुस्तकं होईपर्यंत तिचा कप्पा उरकलेला असे. लोक कप हातात घेऊन तिच्यामागे उभे राहायचे. माझ्यामागे पंखा होता.

यादी पुरी झाल्यावर कार्यकारिणी ती आम्हा दोघांपैकी एकाकडे कायमची सोपवणार होती. मानधन नव्हतं, नुसता मान होता; म्हणून मला ती जबाबदारी जास्तच हवी होती.

उद्घाटनाला अध्यक्षांनी संगणकाला हार घातला आणि आपल्या आवडत्या लेखकाची पुस्तकं शोधायला सांगितली. त्या लेखकाने आमचं अख्खं कपाट व्यापलंय. पडद्यावर एकच पुस्तक आलं.

मी टेबल उघडलं. तिने लेखकाचं नाव पहिल्या ओळीत लिहिलं होतं आणि खाली, जुन्या रजिस्टरात आम्ही सगळेच करायचो तशा, 'वरीलप्रमाणे'च्या खुणा ओढल्या होत्या. कपाटामागून कपाट तसंच. शोधताना संगणक वरची ओळ बघत नाही. माझ्या फॉर्ममध्ये वरचं पुस्तक दिसतच नाही, त्यामुळे ही चूक करायची सोयच नव्हती. हे मी सर्वांना शांतपणे समजावलं. जरा जास्तच शांतपणे.

"वाट लावली की मी," ती म्हणाली आणि हसत सुटली. तिच्याबरोबर सगळे हसले. दुरुस्तीसाठी तिघांनी तिथल्या तिथे तिला नावं वाचून दाखवायची तयारी दाखवली. माझ्या बिनचूक कपाटाकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. अध्यक्षांनी निकाल दिला: यादी तिच्याकडे राहील, पण यापुढे नोंदी फॉर्ममधूनच.

दुसऱ्या दिवशी मी तिला फॉर्म शिकवायला बसलो. दुपारपर्यंत ती माझ्याहून भरभर भरू लागली.

"मस्त बनवलायस रे," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. तेच मला सहन होईना.