गोल राहिला

मला राग आला की मी भांडी आपटते. माझी आत्या प्रश्न विचारायची. तिचा राग जास्त महागात पडला.

आत्या छापखान्यात प्रुफं तपासायची, सव्वीस वर्षं. लोक तिला 'जरतर' म्हणायचे, कारण इतिहासाचं एखादं पुस्तक हाताखालून गेलं की बाई जेवताना आमच्या पानात प्रश्न वाढायच्या. "खाण्याच्या हवाबंद पत्र्याच्या डब्याआधी तो उघडायची चावी निघाली असती तर?" पण आधी निघाला डबा! चावी यायला पुढं चाळीसच्या वर वर्षं गेली म्हणे, तोवर लोक छिन्नी-हातोडा घेऊन बसायचे. "बघ, माणसाला बंद करायची अक्कल आधी येते," ती म्हणायची. माझे बाबा हातातला घास परत पानात ठेवायचे.

बाबा तिचे थोरले भाऊ, कारखान्यातले पहारेकरी. कारखान्याला आग लागली तेव्हा मागचं दार कुलूपबंद होतं. अकरा माणसं गेली. साहेब सुटले, ठपका बाबांवर. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्यानंतर सात वर्षं बाबा उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. न्हावीसुद्धा घरी बोलवावा लागायचा.

मग कारखान्याला पन्नास वर्षं झाली, आणि स्मरणिकेची प्रुफं नेमकी आत्याच्या टेबलावर आली. पान बारा: 'शिस्तीसाठी सर्व किल्ल्या व्यवस्थापकांच्या बंगल्यावर ठेवल्या जात.' पान तीस: 'पहारेकऱ्याच्या हलगर्जीपणामुळे मागचे दार उघडले गेले नाही.' एकाच पुस्तकात, अठरा पानांच्या अंतरानं! मेल्यांना जनाची नाही तर मनाची तरी?

प्रुफं तपासणाऱ्यानं मजकुराला हात लावायचा नसतो. शंका आली तर समासात प्रश्न लिहायचा आणि त्याभोवती गोल करायचा. गोल म्हणजे हे छापू नका, लिहिणाऱ्याला विचारा. गोल नसला की अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारा जुळारी ते मुकाट्यानं मजकुरात घालतो.

पाच हजार प्रती समारंभात वाटून झाल्यावर कुणीतरी पान तीस नीट वाचलं. बाबांच्या हलगर्जीपणाच्या खालीच छापलं होतं, 'किल्ली पहारेकऱ्याकडे असती, तर अकरा माणसे वाचली असती का?'

"बाई, हे काय आहे?" छापखान्याचे मालक कडाडले.

"गोल राहिला," आत्या म्हणाली.

"सव्वीस वर्षांत कधी राहिला नाही तो?"

जुळाऱ्यानं मान वर केली नाही. "बाईंनी लिहिलं ते मी लावलं, मालक. गोल नव्हता."

त्याच दुपारी आत्याला घरी पाठवलं. पिशवीत डबा, चष्मा आणि स्मरणिकेची एक प्रत. ती प्रत तिनं बाबांपुढं ठेवली. मी तोंड सोडलं होतं, "माफी मागायला त्यांनी यायचं सोडून तुलाच हाकलतात! आग लागो त्यांच्या..." पुढचा शब्द गिळला. आमच्या घरात ती शिवी देता येत नाही.

बाबांनी पान तीस दोनदा वाचलं. प्रश्नाखाली बोट ठेवलं.

"नऊ," ते म्हणाले.

"काय नऊ?" मी खेकसले.

"नऊ वाचली असती. दोघं दारापर्यंत पोचलेच नव्हते. बाकीचे आतून दार बडवत होते आणि मी बाहेरून."

आत्या तोंडाला पदर लावून रडली. बाबा उठले, स्मरणिका काखेत मारली आणि चपला शोधायला लागले. सात वर्षांपूर्वी त्या कुठं ठेवल्या होत्या, आम्हां तिघांनाही आठवेना.