होसकोटेचा वाचक

आमच्या व्हाइटफील्डच्या सोसायटीतले एक शेजारी हौसेखातर मासिक काढतात. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, कुणी राजा तर कुणी मांत्रिक होऊन गोष्ट खेळतात, त्या खेळांचं. बोलताना ते प्रत्येक वाक्यानंतर थांबतात, जणू पुढची खेळी आपली आहे.

यंदा त्यांनी वाचकांना विचारलं, ‘मासिकात काय हवं?’ आलेली उत्तरं त्यांनी माझ्याकडे सोपवली. बहुतेकांना नकाशे हवे होते, काहींना नवे राक्षस. जवळच्याच होसकोटेच्या एका वाचकाला मात्र एकट्याने खेळता येईल असा खेळ हवा होता. ‘इथे नवा आहे, बरोबर खेळायला कोणी नाही,’ असं त्याने लिहिलं होतं.

“एकाच माणसाची मागणी आहे. सोडून द्या,” मी म्हणालो.

“सरी,” असं कन्नडमध्ये ‘बरं’ म्हणून ते थांबले. मला वाटलं, पटलं. त्यांनी तिथेच त्याला फोन लावला.

“तुमचा खेळ छापतो हो. पण तोवर रविवारी आमच्याकडे या. जेवायलाच या. आमच्या खेळात एक चोर कमी पडतोय.”

त्या खेळात चोर मीच होतो. रविवारी मुकाट्याने पहारेकरी झालो.