उर्वरित भाग पान दोनशे बारावर

बोरीवलीच्या ज्या वाचनालयात मी आठ वर्षं कामाला आहे, तिथे मला घेतलं होतं ते झाडू-पोछ्यासाठी. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात, मीही म्हणते. पहिल्याच महिन्यात कपाट पुसता पुसता मी एक पुस्तक उघडून वाचत राहिले आणि काकू मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही. मला वाटलं, गेली नोकरी. त्या म्हणाल्या, "उभ्याने वाचू नकोस, पाय दुखतील. स्टूल घे."

त्या स्टुलाचे उपकार मी विसरायची नाही. वाशीमकडच्या आमच्या गावात शाळा आठवीपर्यंत. पुढची शाळा लांब आणि आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून माझं दप्तर खुंटीवर गेलं ते गेलंच. विहारात संध्याकाळी पेपर मोठ्याने वाचून दाखवायचं काम तेवढं लग्न होईपर्यंत माझ्याकडे होतं. मग दहिसर, नदीकाठची चाळ, आणि हे वाचनालय. काकूंनी मला रजिस्टर लिहायला शिकवलं, नंतर फाटक्या पुस्तकांची बांधणी शिकवली. तरी अजूनही त्यांनी हाक मारली की आधी काय चुकलं असेल ते शोधते, मग उठते.

गेल्या वर्षी आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि माळा रिकामा करावा लागला. माळ्यावर जुन्या दिवाळी अंकांचे वर्षावार गठ्ठे होते, पहिला वाचनालय सुरू झालं त्या वर्षीचा, तीसेक तरी अंकांचा. त्या वर्षी काय झालं होतं कोण जाणे, पण जो उघडावा त्या अंकात एक तरी विज्ञानकथा. अंतराळयानं, यंत्रमाणसं, दुसऱ्या ग्रहावरचे पाहुणे. काकू म्हणायच्या, "त्या वर्षी सगळ्यांना चंद्र चावला होता." त्यांच्या मनात आलं, चांगल्या चांगल्या विज्ञानकथा कापून काढायच्या, एकत्र शिवून एक जाडजूड पुस्तक करायचं आणि उरलेले अंक रद्दीत द्यायचे. वर्धापनदिनाला त्यातली एक कथा सभासदांपुढे वाचायची.

हे अंक मी सगळे वाचले होते. दुपारी एक ते चार वाचनालयात कुत्रं फिरकत नाही, तेव्हा माळ्यावरून एकेक खाली आणून. कोणत्या अंकात कोणती कथा, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. कथा निवडायला काकू मलाच सांगणार, असं मी धरून चालले होते. त्यासाठी मनात यादीही केली होती.

काकूंनी सांगितलं ते त्या पोरीला.

ती जवळच्याच सोसायटीत राहायची, एम.ए. करत होती आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी काउंटर सांभाळायला यायची. येऊन वर्षही झालं नव्हतं. काकू तिला म्हणाल्या, "तू निवड, तुला त्यातलं कळतं. आणि बांधायचं हिच्याकडे." हिच्याकडे म्हणजे माझ्याकडे. मी मान हलवली आणि बांधणीची खळ शिजवायला मागे गेले.

ती वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. ती चांगली होती. येताना माझ्यासाठी वडापाव आणायची, मला 'ताई' म्हणायची, माझ्या मुलीला इंग्रजीचं व्याकरण फोनवरून समजावून द्यायची. पण तिचं काहीतरी मला रोज टोचायचं. ती पुस्तक उघडं पालथं टाकून चहा प्यायला जायची. चार पानं वाचून म्हणायची, "बोअर आहे हे," आणि सरळ परत ठेवायची. मी आजवर एकही पुस्तक अर्धं टाकलेलं नाही. ज्याने लिहिलं त्याला कळेल आणि तो मला उठवून लावेल, अशी काहीतरी भीती मला वाटते. तिला कुणी उठवून लावणार नव्हतं.

एकदा धीर करून मी तिला म्हटलं, "ती भाजीवालीची घे ना. परग्रहावरचे लोक उतरतात, मोठमोठे शास्त्रज्ञ त्यांच्याशी आकड्यांत बोलायला जातात आणि जमत नाही. शेवटी भाजीवाली घासाघीस करून त्यांच्याशी बोलते, ती."

"वाचली मी ती. गोड आहे गं," ती म्हणाली. "पण ताई, त्यात सायन्स कुठेय?"

"ते येतात ना वरून."

"वरून तर पाऊस पण येतो."

ती हसली, मीही हसले. ते हसणं मी दोन दिवस विसरले नाही.

तिने बारा कथा निवडल्या आणि ब्लेडने कापून माझ्यासमोर ठेवल्या. वर तिच्या अक्षरात पहिलं पान. त्यावर 'निवड' लिहून तिचं नाव, खाली बारीक अक्षरात 'बांधणी' लिहून माझं. मी टोच्याने भोकं पाडत होते तेव्हा सातव्या कथेच्या शेवटच्या पानावर तळाशी छोटी ओळ दिसली. 'उर्वरित भाग पान २१२ वर.'

जुन्या दिवाळी अंकांची ही रीत होती. पुढच्या पानांत जागा संपली की कथेचा शेवट मागे नेऊन टाकायचे, साबणाच्या आणि घड्याळांच्या जाहिरातींच्या मधे. ते अंक वाचणाऱ्याला हे माहीत असतं. तिला माहीत नव्हतं. कथा तिची सगळ्यात आवडती होती, वर्धापनदिनाला तीच वाचणार होती. एका शास्त्रज्ञाने कालचे आवाज ऐकायचं यंत्र केलेलं असतं. बायको वारल्यावर तो त्या यंत्रावर आपल्याच स्वयंपाकघरातली एक जुनी संध्याकाळ लावतो. खटका दाबतो, कान लावतो. 'पलीकडून ती म्हणाली,' आणि तिथे पान संपत होतं.

कापलेल्या अंकांचं पोतं दाराशी होतं. रद्दीवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. उठून पोत्यात हात घातला असता तर पाच मिनिटांत पान दोनशे बारा सापडलं असतं. मी उठले नाही. मी सुईत दोरा ओवला आणि ती कथा पुढच्या कथेला शिवून टाकली. मनात एवढंच आलं, वाच आता सगळ्यांपुढे. कळतं ना तुला त्यातलं.

आणि खरं सांगायचं तर याहून वाईटही मनात आलं होतं. ती अडखळेल, सगळे गप्प होतील, आणि मागून मी उभी राहून शेवट तोंडपाठ सांगेन.

वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी ती वाचनाचा सराव करायला बसली. मी समोर पुठ्ठे पुसत होते. तिचा आवाज थांबला. पान उलटल्याचा आवाज आला, परत उलटल्याचा.

"ताई, वाट लागली. हे पुढे काहीच नाहीये."

मी पुठ्ठा पुसत राहिले.

"रद्दी गेली ना? गेलीच. मी येडी आहे, शेवट बघितलाच नाही. मला वाटलं कथा असेलच अशी लटकती." मग एकदम म्हणाली, "तू सगळे वाचलेयस ना? तुला आठवतोय?"

मला आठवत होता. मी सांगितला, तिने भराभर लिहून घेतला. बायको म्हणते, दिवसभर तुम्हीच बोलता, आज मला बोलू द्या, आणि मग तिच्या माहेरची विहीर, तिची राहिलेली शाळा, असं बरंच काही बोलत राहते आणि तो ऐकत बसतो. ती पोर लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "काय भारी आहे हे." तिने तो कागद आत चिकटवला. मी तिला वाचवलं असं तिला वाटत होतं. खळीची वाटी मीच पुढे केली.

दुसऱ्या दिवशी तिने कथा वाचली, छान वाचली. टाळ्या झाल्या. मग पहिल्या वर्षापासूनचे एक सभासद, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते खुर्चीतून म्हणाले, "शेवट असा नव्हता."

काकूंनी चष्मा लावून पुस्तक हातात घेतलं. "हे चिकटवलेलं आहे. पान कुठे गेलं?"

ती पोर म्हणाली, "माझी चूक आहे काकू. कापताना मी खाली बघितलंच नाही आणि रद्दी गेली. ताईने आठवून सांगितला म्हणून निदान एवढं तरी झालं."

"नीट बघत जा गं," काकू म्हणाल्या आणि चहा मागवला. झालं. एवढंच.

तेव्हा मला तिचा हेवा वाटला तसा कधीच वाटला नव्हता. तिची चूक ही फक्त चूक होती, चहा येईपर्यंत टिकणारी. माझ्या हातून काही झालं की मला आठवी, गाव, चाळ सगळं पुढे दिसतं आणि वाटतं, आता मला काढून टाकायला हेच निमित्त. ती माझ्या वाटणीचं पापसुद्धा इतक्या सहज उचलून घेऊन गेली होती.

मागे कप विसळताना मी तिला म्हटलं, "ती ओळ मी बघितली होती. दोनशे बारावाली."

"कधी?"

"शिवताना."

"म्हणजे रद्दी जायच्या आधी?"

"हो."

तिने नळ बंद केला. "मग बोलली का नाहीस?"

"निवड तुझी होती ना."

"मी काय केलंय तुझं?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "तू माझं काहीच केलं नाहीस."

ती कप तसेच ठेवून गेली. पुढच्या वेळी आली तेव्हा मला म्हणाली, "तुम्ही रजिस्टर भरलं का?" आजवर ती मला तू म्हणायची. ते ऐकून वाटलं, यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काकूंनाही मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला सांगण्यापेक्षा तिला ते पान आणून दे."

अण्णांनी सांगितलं, मुलुंडच्या एका जुन्या वाचनालयात तो अंक असेल. रविवारी बसने गेले. अंक होता, पण बाहेर द्यायचा नव्हता. मी तिथेच बसून पान दोनशे बारा उतरवून घेतलं. लिहायला पाच मिनिटंही लागली नाहीत. यंत्रातून त्याचाच आवाज येत असतो, प्रयोगाबद्दल, पगाराबद्दल, वरिष्ठांबद्दल. बायको फक्त 'हं' म्हणते. पुन्हा 'हं'. मग स्टोव्हची घरघर. तो यंत्राचा काटा मागे नेतो, आदली संध्याकाळ लावतो, त्याच्या आदली. सगळीकडे तेच.

मी तीनदा वाचलं. त्या बाईला एवढं बोलायला मीच लावलं होतं, कधी ते मला कळलंच नव्हतं.

ती पोर आली तेव्हा कागद तिच्यापुढे ठेवला. तिने उभ्या उभ्याच वाचला, घडी घालून पुस्तकात ठेवला. मी सांगितलेल्या शेवटाचा चिकटवलेला कागद मात्र तिने काढला नाही. थोड्या वेळाने माळ्यावरचा पुढच्या वर्षाचा गठ्ठा ओढून म्हणाली, "हेही संपवायचेत. तुम्ही पानांचे तळ बघा, मी कथा बघते."

म्हणजे निवड अजून तिचीच. मी पानांचे तळ बघायला बसले. जळफळाट गेला होता असं नाही, फक्त हात कामात होते. पाचव्या अंकाशी माझ्या तोंडून निघून गेलं, "ही घ्यायची."

तिने ब्लेड खाली ठेवलं. "का?"

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती. आवडली, एवढंच मला सांगता येत होतं. मी म्हणाले, "उद्या सांगते." त्या संध्याकाळी दहिसरला उतरून घरी चालत जाताना मी कारणं जुळवत होते. पहिलं कारण मलाच पटलं नाही, म्हणून दुसरं शोधत होते.