पाचवा मजला

आमच्या शेजारच्या काकांना गच्चीला गच्ची म्हटलेलं खपत नाही. "जितं माणसं बसून जेवत्यात ती गच्ची कशी? त्यो पाचवा मजला हाय," असं ते ज्याला त्याला ऐकवतात. आमची लिफ्ट चौथ्या मजल्यावरच थांबते, हे त्यांचं जुनं दुखणं.

बांधकामावर सुपरवायझर असल्यामुळे असेल, पण वर कुणाचाही वाढदिवस असो, हा गृहस्थ ताटाआधी दोन्ही जिने मोकळे आहेत का ते बघणार. दारात साचलेल्या चपला भिंतीकडेला लावणार. मागच्या जिन्यात सगळ्यांनी कोंबलेल्या खाटा आणि मोडके कूलर त्यांनी भांडून काढायला लावले, तेव्हा मला त्यांचा रागच आला होता.

परवा वर बारसं होतं. बाळाच्या पणजीला लिफ्टने चौथ्यापर्यंत आणलं, पण पुढचा जिना गुडघ्यांना झेपेना. "जावा तुमी, मी बसते हितंच," म्हणाल्या. काका आपलं ताट घेऊन खाली आले आणि पणजींच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसले. मग बाळाला घेऊन त्याची आई आली, मागोमाग कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पाळणा म्हणणाऱ्या बायका. बघता बघता जिना खालपासून वरपर्यंत माणसांनी भरला.

"काका, जिना अडला की!" मी चिडवलं.

पणजींच्या मांडीवरच्या बाळाकडे बघत ते हसले. "अडू द्या की. मागचा उगंच मोकळा केलाय व्हय?"